एकास शहाण्णव

जहाजाची प्रतिकृती करताना सगळं लहान करता येतं, आपला अंगठा तेवढा करता येत नाही. माझं चालू जहाज १:९६ या प्रमाणात आहे. हे प्रमाण फूट-इंचवाल्यांचं. खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे टेबलावरचा एक अष्टमांश इंच. या हिशेबाने साडेपाच फुटी खलाशी साडेसतरा मिलिमीटर भरतो आणि माझा अंगठा नुसत्या रुंदीतच त्याच्या डोक्यावरून जातो. डेकवर राहिलेला फेव्हिकॉलचा ठिपका पुसायला हा अंगठा वरून खाली येताना पाहून तिथल्या खलाशांनी, असतेच तर, एकजात समुद्रात उड्या टाकल्या असत्या.

पण समुद्र कुठून आणायचा? मी राहतो पुण्यात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेवढाच आमचा जलवाहतुकीशी संबंध. त्यामुळे ‘हल्ली काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘जहाज बांधतोय’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो. निवृत्तीनंतर कोणाचं काय झालं याच्या दोन-तीन आठवणी त्याच्या चेहऱ्यावरून सरकतात. मग तो सांभाळून विचारतो, ‘कुठे?’

‘मागच्या खोलीत.’

जहाजाचं नाव ‘त्रिंकोमाली’. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, मालकी इंग्रजी आरमाराची आणि बांधणी मुंबईची. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधल्या ओक वृक्षांची चणचण भासू लागली, तेव्हा तिथल्या आरमाराची नजर मुंबईच्या गोदीकडे वळली. इथे मलबारचं सागवान होतं आणि वाडिया होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, आणि गोदीतलं मुख्य मिस्त्रीपण मग त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. त्यांच्यापैकी जमशेटजी बमनजींनी १८१६ च्या उन्हाळ्यात या जहाजाच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. तरंगत्या इंग्रजी युद्धनौकांमध्ये सगळ्यात जुनं. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ वयाने मोठं, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. कोरड्यात राहून तरंगण्याचा दावा करणं आम्हा पुणेकरांनाही जड जातं.

आमच्या सोसायटीत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी तारीख ऐकली आणि चष्मा काढला. ‘१२ ऑक्टोबर १८१७? आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई! इथे पेशवाई बुडायला निघाली होती आणि तिकडे इंग्रजांचं हे जहाज पाण्यात उतरत होतं. आणि तुम्ही तेच घेऊन बसलात? शनिवारवाड्यापासून एवढ्याशा अंतरावर?’ मी म्हटलं, ‘सर, बांधलं आपल्याकडच्याच माणसांनी.’ ते म्हणाले, ‘तेच तर!’ या ‘तेच तर’ला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. तेही सुचू देत नाहीत. भेटले की नवा मुद्दा आणतात.

त्यांचा लाडका मुद्दा असा की करायचंच तर कान्होजी आंग्र्यांचं जहाज करा. मुद्दा रास्त आहे. त्यांची लढाऊ गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) खाली उतरती ठेवलेली, म्हणजे पुढच्या तोफांना सरळ समोर मारा करता यावा. बरोबर वल्ह्यांवर पळणारी हलकी गलबतं, वारा पडला तर गुराबांना ओढून नेणारी. देखणं प्रकरण आहे. पण आमच्या धंद्यात आधी आराखडा लागतो. किती फुटांवर किती रुंदी, तळाचा बाक कुठे सुरू होतो, डोलकाठी मागे किती कलते, हे सगळं. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात इंग्रजी आरमाराच्या जहाजांचे आराखडे ढिगाने आहेत, पैसे भरले की प्रत मिळते. आपल्या किनाऱ्यावरचा जहाजं बांधणारा सुतार कागद वापरतच नव्हता. त्याचा आराखडा त्याच्या डोळ्यांत असे, आणि डोळे काही दफ्तरखान्यात जमा होत नाहीत. मग उरतात चित्रं आणि शत्रूंनी लिहून ठेवलेली वर्णनं. मार खाऊन आलेला माणूस समोरच्याच्या जहाजाची मापं कितीशी अचूक सांगणार?

चित्रावरून जहाज होत नाही असं मात्र म्हणता येत नाही. नौदलाने ते करून दाखवलं आहे. अजिंठ्याच्या एका चित्रातलं जहाज पाहून गोव्यात खरंखुरं जहाज बांधलं, फळ्या काथ्याने एकमेकींना शिवून, आणि २०२५ साली कारवारला ‘कौण्डिन्य’ नावाने ते दाखल करून घेतलं. चित्रकाराने बोटीची एकच बाजू काढलेली असणार. दुसऱ्या बाजूचं काय, हे यांना ठरवावं लागलं. त्यासाठी आधी छोटी प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत तिची पाण्यात परीक्षा घेतली. हे मी प्राध्यापकांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, ‘बघा! त्यांच्या प्रतिकृतीतून जहाज झालं. तुमच्यातून काय होणार?’

माझ्यातून काय होणार हा प्रश्न बिकट आहे, कारण माझ्यापर्यंत येईपर्यंतच हे प्रकरण बरंच शिळं झालेलं आहे. ‘त्रिंकोमाली’ हे ‘लेडा’ नावाच्या जहाजाच्या नमुन्यावर. ‘लेडा’ हे ‘एबे’ या फ्रेंच जहाजाच्या नमुन्यावर. ते इंग्रजांनी १७८२ साली पकडून आणलं, आवडलं, आणि मापं काढून घेतली. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे मुंबईला निघाले तेही ‘जावा’ नावाच्या जहाजातून. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं, मग ते जाळून टाकलं. आराखडे गेले. इंग्लंडहून दुसरी प्रत पाठवावी लागली. म्हणजे पळवलेल्या जहाजाच्या नकलेच्या आराखड्याच्या दुसऱ्या प्रतीवरून जे झालं, त्याची नक्कल माझ्या टेबलावर आहे. मौलिकतेचं ओझं इतकं कमी असलेलं काम दुसरं नसेल. साहित्यात एवढी मोकळीक नाही.

जमशेटजींना सुमारे दीड वर्ष लागलं. माझं दीड वर्ष केव्हाच उलटून गेलं आणि डोलकाठ्या अजून आडव्याच आहेत, कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. माप लहान केलं की काम लहान होतं असा एक सार्वत्रिक समज आहे. गनडेक दीडशे फुटांचा होता, तो माझ्याकडे पावणेएकोणीस इंच आहे. मग काम शहाण्णव पटींनी कमी व्हायला हवं. होत नाही. मोठ्या जहाजावर एका दोराची एक गाठ होती तशी माझ्याकडेही एकच गाठ आहे. तिथे ती खलाशाने दोन्ही हातांनी आवळली. मी ती दोन चिमटे, एक भिंग आणि रोखून धरलेला श्वास एवढ्या साधनांनी मारतो. तिथे पडलेला दोर पायाला लागतो. इथे पडलेला दोरा गालिच्यात जातो आणि गालिच्याचा होतो.

घरी मी एक बचाव मांडून पाहिला. ‘त्रिंकोमाली’ १८१९ साली पोर्ट्समथला पोहोचलं तेव्हा युद्ध संपून गेलं होतं. कोणाला त्याची गरज नव्हती. मग ते १८४५ पर्यंत नुसतं राखून ठेवलं होतं. अशा जहाजाची प्रतिकृती घाईने उरकणं इतिहासाला धरून होणार नाही, असं मी म्हटलं. बायको म्हणाली, ‘अहो, त्यांनी ते धक्क्याला ठेवलं होतं. जेवायच्या टेबलावर नाही.’

लाकडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे सगळे चकतात. जहाज मुंबईचं आणि सागवानी हे कळल्यावर बायकोच्या मावसभावाने मोठ्या मनाने आपल्या पाडलेल्या वाड्याची तुळई देऊ केली. ‘दीडशे वर्षं जुना साग आहे भावोजी, असा आता मिळत नाही.’ खरंच मिळत नाही. पण मी नको म्हटलं आणि तो दुखावला. कारण सांगितलं, त्याने अजूनच दुखावला. सागाच्या लाकडात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. जवळून पाहिली तर दिसतात. दारात, झोपाळ्यात, तुळईत ती शोभून दिसतात. पण शहाण्णवने गुणा: एकेक छिद्र इंचभराहून मोठं होतं. अशा डेकवर चालणाऱ्या खलाशाच्या पायाची बोटं अडकतील. झाडाला आपण किती लहान केलं गेलोय ते कळत नाही, त्याच्या रेघा त्याच मापाच्या राहतात. म्हणून सागवानी जहाजाची प्रतिकृती सागात चांगली दिसत नाही. तिकडचे लोक नासपती नाहीतर बॉक्सवुड वापरतात, दोन्ही बारीक पोताची. आपल्याकडे हेदू चालतो. पिवळसर, घट्ट, रेघ न दाखवणारा. पूर्वी याच्या फण्या व्हायच्या, गिरण्यांतल्या बॉबिनी व्हायच्या.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हेदू विचारायला गेलो.

‘किती घनफूट?’ वखारवाल्याने वही उघडली.

मी हाताने दाखवलं.

त्याने वही मिटली. ‘काका, एवढं तर आमच्याकडे झाडताना निघतं.’

‘तेच द्या,’ मी म्हटलं. त्याने दिलंही, पैसे घेतले नाहीत, आणि बाहेर पडताना चहा पाजला. भुसा मागायला आलेला पहिला पदवीधर मीच असणार.

सांगाडा करायचा तो असा. मधोमध उभा कणा, त्याला खाचा, आणि त्या खाचांत आडव्या बसवलेल्या बल्कहेडच्या फळ्या. मासा चिरून ताटात मांडावा तसं दिसतं. मग या बरगड्यांच्या कडा पॉलिशपेपरने अशा घासायच्या की वरून पट्टी ठेवली तर ती सगळ्यांना टेकली पाहिजे, कुठे उडता कामा नये. आता फळ्या मारायच्या. इथे भूमिती आपलं खरं रूप दाखवते. जहाज पोटाला फुगीर, नाळेपाशी निमुळतं. फळ्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच. म्हणजे प्रत्येक फळी पुढे जाताना रुंदीत बारीक करत न्यायची, आणि किती बारीक ते त्या जागी माप घेऊन. शिवाय पट्टी जाडीच्या बाजूने वाकते, रुंदीच्या बाजूने वाकवायला गेलं की रुसते आणि काठ उचलते. तिला पाण्यात भिजवायचं, मग उष्णता द्यायची. यासाठी बाजारात खास यंत्रं आहेत. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना केस कुरळे करायचं यंत्र विसरून गेली होती. ते आता नाळेकडच्या फळ्यांना वळण लावतं. मुलगी माहेरी आली की मागते, मी देतो, आणि दुसऱ्या दिवशी ती विचारते, ‘बाबा, याला फेव्हिकॉलचा वास का येतोय?’

फळी डाव्या बाजूला एक लावली की दुसरी उजव्या बाजूलाच लावायची, हा पाळायचाच नियम. एकाच बाजूला लावत गेलं तर वाळताना कणा तिकडे वाकतो आणि ते जहाज मग आयुष्यभर गोल गोल फिरण्याच्या लायकीचं होतं. चिकटवलेली फळी वाळेपर्यंत धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम. ते किती लागतील याला मर्यादा नाही. आमच्या बाल्कनीतले कमी होत गेले तसे कामाच्या मावशींनी आधी कबुतरांवर संशय घेतला. मग एकदा मागची खोली झाडायला त्या आत गेल्या, आणि जहाजाच्या दोन्ही अंगांना लटकलेले रंगीबेरंगी चिमटे पाहून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘ताई, दादांनी बोट वाळत घातलीय.’

फळ्यांचा हा पहिला थर शेवटी कुणालाच दिसत नाही. त्यावर दुसरा, पातळ आणि चांगल्या लाकडाचा थर चढतो. न दिसणाऱ्या गोष्टींवर किती मेहनत घ्यावी यावरून आमच्या जातीत दोन तट आहेत. एक म्हणतो, दिसत नाही तर पुटीन भरा आणि पुढे चला. दुसरा तट कॅप्टनच्या केबिनमध्ये काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी घालतो, टेबल मांडतो, खुर्च्या मांडतो, आणि मग वर डेक ठोकून ते कायमचं बंद करतो. मी दुसऱ्या तटाचा. माझ्या केबिनमध्ये टेबल आहे. ते पाहायचं तर जहाज फोडावं लागेल. सतराव्या शतकातल्या इंग्रज कारागिरांनी यावर सुरेख तोडगा काढला होता: ते आपल्या प्रतिकृतींचा खालचा भाग फळ्या न मारता उघडाच ठेवत, म्हणजे आतल्या बरगड्यांची वीण दिसत राही. त्या प्रतिकृती आता संग्रहालयांत आहेत आणि लोक त्यांच्यापुढे उभे राहून विचारतात, ‘अपुरं का ठेवलंय?’

हा प्रश्न मी अपुऱ्या जहाजाचा मालक म्हणून फार प्रेमाने ऐकतो.

तळाला तांबं लागतं. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, शेवाळ-शिंपले चिकटतात, म्हणून त्या काळी युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत. खरा पत्रा चार फूट लांब. माझा अर्धा इंच. असे शेकडो लागतात. पुण्यात तांबं म्हटलं की कसब्यातली तांबट आळी. तिथे गेलो. आजोबा बंबाला ठोके देत होते. त्यांनी माप ऐकलं, हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, ‘एवढ्याशा पत्र्यात पाणी किती मावणार?’ शेवटी चिकट पाठीची तांब्याची पट्टी मागवली आणि कात्रीने कापली. पण आजोबांचा प्रश्न मला योग्य वाटतो. भांड्याच्या माणसाला पाणी आत हवं असतं, जहाजाच्या माणसाला बाहेर.

मग दोरखंड. इथे बहुतेकांची जहाजं अडतात. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना उतरणारे जाड दोर, आणि त्यांच्यावर आडवे बांधलेले बारीक दोर, खलाशांना वर चढायची शिडी. खऱ्या जहाजावर या पायऱ्या साधारण दीड वीत अंतरावर. माझ्याकडे चार मिलिमीटर. आडवा दोर जिथे जिथे उभ्या दोराला भेटतो तिथे तिथे गाठ. तिन्ही डोलकाठ्या, दोन्ही बाजू, खालचा टप्पा, वरचा टप्पा: हिशेब हजारांच्या घरात जातो. दोरा आधी मधमाश्यांच्या मेणातून ओढायचा, नाहीतर त्याला लव सुटते आणि आरमारी जहाजाचे दोर लोकरीचे दिसतात. मागे रेघा मारलेलं कार्ड लावायचं म्हणजे पायऱ्या सरळ येतात. गाठ सैल राहिली तर घसरते, घट्ट झाली तर उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीला कंबर येते. माझ्या पुढच्या डोलकाठीची तालीम मी एका चौकटीवर करून पाहतो आहे. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘बाई गं, नवरा क्रोशा शिकतोय. भाग्यवान आहेस.’

या कामात ज्यांच्यापुढे मी मनोमन टोपी काढतो ते कैदी होते. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत पकडलेल्या फ्रेंच खलाशांना आणि शिपायांना इंग्रजांनी वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉसला १७९७ साली त्यासाठी एक छावणीच उभी केली, हजारोंची. जेवणात मांस मिळे, मग हाडं उरत. ती उकळायची, पांढरी करायची, चिरायची आणि त्यांच्या फळ्या करून जहाज बांधायचं. दोरखंडांसाठी केस नाहीतर रेशीम. काही जहाजांत तर मागची दोरी ओढली की सगळ्या तोफा आत जातात, सोडली की बाहेर येतात. छावणीच्या दारात बाजार भरे आणि ज्यांनी यांना पकडलं तेच लोक हौसेने ती विकत नेत. आराखडा कुणाकडे असणार? सगळं आठवणीतून. म्हणून या जहाजांच्या डोलकाठ्या असायला हव्यात त्यापेक्षा उंच असतात आणि तोफाही थोड्या जास्तच असतात. घरापासून लांब असलेल्या माणसाला आपलं जहाज असंच आठवत असणार. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांच्या हातच्या वस्तू पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे वेळ होता हे खरं, पण वेळ तर आमच्या सोसायटीतल्या बाकड्यावर बसणाऱ्यांकडेही आहे.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. ‘तरंगतं का?’ नाही. ‘मग उपयोग काय?’ नाही. ‘बॅटरी कुठे बसते?’ बसत नाही. ‘विकलं तर किती येतील?’ इथे मी गप्प राहतो, कारण तासांनी भागायला गेलं तर जो दर निघतो तो कोणत्याही कामगार कायद्यात बसत नाही. भाचा मधुचंद्राला मॉरिशसला गेला होता. तिथे जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या कार्यशाळा आहेत, प्रवासी येऊन घेऊन जातात. त्याने एक आणलं. शिडं, दोर, सगळं जागच्या जागी. ‘मामा, हे बघा, तयारच मिळतं!’ काम छान होतं. मला ते शोधूनही नावं ठेवता आली नाहीत, याचं दुःख दोन दिवस पुरलं. आणि बायकोचा सख्खा भाऊ देवगडचा, बोटीवर जातो. त्याने माझं जहाज सगळ्या बाजूंनी पाहिलं, तोफांची दारं मोजली, आणि काळजीने विचारलं, ‘भावोजी, सगळां खरां. पण हिच्यात जाळी खंय ठेवतलास?’

‘युद्धनौका आहे ती.’

‘असांदे. खलाशी जेवतले काय?’

याला मात्र उत्तर होतं, पण खारवलेलं मांस आणि कीड लागलेली बिस्किटं हे देवगडच्या माणसापुढे उच्चारायचा धीर झाला नाही.

रंग कोणता द्यायचा यावर मी अजून निर्णय घेतलेला नाही, आणि याला कारण ‘वासा’. स्वीडनच्या राजाचं हे दिमाखदार जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन वाऱ्याच्या झोतानिशी आडवं होऊन बुडालं. १९६१ साली ते वर काढलं. जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या प्रतिकृती करायला घेतल्या, आणि मागच्या भागातल्या नक्षीची पार्श्वभूमी निळी होती अशी तेव्हा समजूत होती म्हणून निळ्या रंगवल्या. पुढे संशोधकांनी लाकडात उरलेले रंगाचे कण तपासले, तर निघाली लाल. विचार करा. कुठे तरी एखाद्या गृहस्थाने पाच-सात वर्षं घालवून निळं जहाज पुरं केलं असेल, काचेच्या पेटीत ठेवलं असेल, पाहुण्यांना दाखवलं असेल. आणि मग सकाळी चहा पिताना त्याने ती बातमी वाचली असेल. मी त्या गृहस्थाच्या जागी असतो तर बातमी देणाऱ्याशी बोलणं सोडलं असतं. म्हणून घाई नको. आणखी दहा वर्षांनी ‘त्रिंकोमाली’बद्दल काय निघेल कोणी सांगावं?

आता घरात विषय आहे तो काचेच्या पेटीचा. धूळ ही या छंदाची खरी शत्रू. हजार गाठी आणि प्रत्येक गाठीवर पुण्यातल्या बांधकामांची धूळ. ती मऊ कुंचल्याने एकेक झटकायची म्हणजे जहाज पुन्हा बांधल्यासारखंच. पेटी हवीच. पण पेटीलाही खोड आहे. जुन्या प्रतिकृतींवर शिशाचे नांगर, शिशाच्या तोफा असत. त्या जपायला म्हणून छान ओकच्या, घट्ट बंद पेट्यांत ठेवल्या. लाकडातून आंबट वाफा निघतात, त्या पेटीत कोंडल्या, आणि शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदललं. संग्रहालयांना हे दुखणं फार महागात पडलं. म्हणून मी शिसं वापरत नाही आणि पेटीला हवा खेळायला फट ठेवणार आहे.

‘फट ठेवली तर धूळ जाणार नाही आत?’ बायकोने विचारलं.

‘जाईल थोडी.’

‘मग पेटी कशाला?’

मी आराखड्याकडे पाहू लागलो. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘अहो, पुढचं जहाज बाटलीत करा. ते असतं ना, शिडं आडवी पाडून आत सरकवायचं आणि मग दोरा ओढून उभी करायची? बूच लावलं की प्रश्न मिटला. जागाही कमी लागेल.’

सूचना उत्तम होती. बाटलीच्या तोंडातून जाईल एवढं बारीक अंग, डोलकाठ्यांना बिजागऱ्या, बाहेर ठेवलेली दोऱ्यांची टोकं. मी लगेच कागदावर आकडे मांडायला घेतले. बाटली चांगली जाड काचेची आणि रुंद पोटाची हवी. तशी फक्त एकाच प्रकारच्या दुकानात मिळते आणि ती भरलेली मिळते. आमच्या घरात त्यावर बराच ऊहापोह झाला. देवगडला हे फोनवरून कळलं तेव्हा मेहुण्याने ती रिकामी करून द्यायची जबाबदारी तत्काळ स्वीकारली, आणि पहिली बाटली आतून नीट दिसत नसेल तर दुसरीही पाहू, असं आपणहून सांगितलं.